नेपल्समध्ये गाठवलेला सर

शेवंती: …आणि त्या किल्ल्याच्या पायात म्हणे अंडं पुरलंय.

रावजी: अंडं? कसलं, कोंबडीचं?

शेवंती: ते काही मी विचारलं नाही. कुणा जादूगारानं पुरलं, दोन हजार वर्षं झाली म्हणतात. ते फुटलं की अख्खं नेपल्स समुद्रात जाणार. आमच्या वर्गातली पोरगी सांगत होती, आणि सांगताना पाय हळू टाकत होती. मग मीपण चवड्यांवर चालले.

रावजी: इटलीला जाऊन चवड्यांवर चालतेस! दुकानवाल्या मसूदा मॅडमनी तिकीट काढून पाठवलं ते अंडी सांभाळायला?

शेवंती: आज रविवार आहे हो, इथं सुट्टी. थांबा, कॅमेरा फिरवते. हां, दिसला? पाण्यात पाय सोडून बसलाय बघा, आपल्या मालवणच्या किल्ल्यासारखा.

रावजी: मला नुसता उजेड दिसतोय.

शेवंती: तो तुमच्या बसच्या काचेवरचा असेल.

रावजी: तेही खरं. इथं बहारीनला, सित्रात, खिडकीतून हात बाहेर काढला तर पापड भाजून निघेल. रिफायनरीची शिफ्ट सुटायला अजून पंचवीस मिनिटं आहेत. बस सावलीत लावावी म्हटलं तर सावलीच मफी, कुठं नाहीच. तू बोल. तू बोललीस की जरा गार वाटतं.

शेवंती: मग हा डोंगर बघा. शहराच्या उशाशी. याच्या पोटात आग आहे, पण आता झोपलाय.

रावजी: आणि उठला तर?

शेवंती: मी आहे तोवर नाही उठायचा. आणि हे खाल्लं मी आज. ओळखा.

रावजी: कागदाची पुडी. भेळ?

शेवंती: मांदेली! अहो, खरंच, तळलेली मांदेली, कुरकुरीत, वर लिंबू पिळलेलं. नाव काहीतरी वेगळं सांगितलं विकणाऱ्यानं, पण मासा काय नावानं खायचा असतो? समुद्राकडं तोंड करून उभ्या उभ्या खाल्ली. डोळे मिटले आणि वाटलं, आता मागून आई हाक मारणार.

रावजी: मला एकट्याला इथं कुबूसची रोटी आणि डाळ. चालू दे तुझं.

शेवंती: गल्ल्या तर अशा, की या खिडकीतून त्या खिडकीत मीठ मागावं. वर दोऱ्याच दोऱ्या, दोऱ्यांवर धुणं. साड्या नाहीत एवढंच. कोपऱ्याकोपऱ्यावर देवीचा कोनाडा, आत दिवा, ताजी फुलं. मी प्रत्येकीला हात जोडत गेले. एक म्हातारी खिडकीतून बघत होती, तिनं मला हात जोडले.

रावजी: म्हणजे आता तू पण कोनाड्यात बसलीस.

शेवंती: थट्टा नको. परवाचं तर सांगायचंच राहिलं! आम्हाला आगगाडीनं पोवळ्यांच्या गावी नेलं. अहो, काचेच्या पेटीत पोवळ्याचं अख्खं झाड! फांद्याच फांद्या, लालभडक, जसं काही पाण्याखाली कुणी पळस लावला. आपल्याकडं जोशी अंगठीत घालायला सांगतात ते केवढंसं असतं? डाळीएवढं. बाबांनी जन्मभर पोवळी गाठवली. कुठून येतात विचारलं की म्हणायचे, लांबून येतात. एवढंच ठाऊक होतं त्यांना. मी काचेवर हात ठेवला आणि म्हटलं, बाबा, बघा. इथून.

रावजी: बाबांनी बघायला हवं होतं.

शेवंती: हो ना.

रावजी: शेवंते, एक विचारू?

शेवंती: विचारा की.

रावजी: किल्ला झाला, डोंगर झाला, मांदेली झाली, देवी झाल्या. तीन आठवडे कोर्सला गेलीस आणि कोर्सचं अक्षर नाही. उद्या परीक्षा ना?

शेवंती: हा बघा एक कुत्रा, बाकावर माणसासारखा—

रावजी: गाडी वळवू नकोस. मी तीस वर्षं ड्रायव्हर आहे, मला वळण कळतं.

शेवंती: उद्या नाही जात मी.

रावजी: काय?

शेवंती: अंग गरम आहे असं सांगणार. खरंच आहे थोडं. ऊन लागलंय.

रावजी: नेपल्सचं ऊन लागलं? बहारीनच्या बाईला?

शेवंती: हसू नका हो! शंभर मणी. एक मोती, एक पोवळं, एक मोती, एक पोवळं. दर दोन मण्यांमध्ये गाठ. तीन तासांत. मग शिकवणाऱ्या बाई तो सर हुकाला टांगतात आणि लांब उभ्या राहून बघतात. सरळ पडला पाहिजे, पाण्याच्या धारेसारखा. माझा वळतो. तीन आठवडे रोज वळतो. कुठं गाठ आवळ, कुठं सैल. त्या बाई काही बोलत नाहीत, नुसतं बोट ठेवतात. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं.

रावजी: तुझा सर वळतो? मॅडमच्या मुहर्रकच्या दुकानात जो माल जातो तो कोण गाठवतं मग, मी?

शेवंती: तेच तर. मॅडमनी काय भरवशानं पाठवलं. म्हणाल्या, सर्टिफिकेट आण शेवंती, तुला पडद्यामागून उठवून दुकानात पुढं बसवते, परदेशी लोक बघायला येतात, तुझ्या नावाची पाटी लावते. आता मी रिकाम्या हातानं जायचं, आणि परत पडद्यामागं.

रावजी: थांब. बसतेस कशावर तिथं?

शेवंती: खुर्चीवर. टेबल असतं पुढं.

रावजी: धागा कशाला बांधतेस?

शेवंती: टेबलाला चिमटा आहे. लोखंडी. त्याला.

रावजी: आणि पाय कुठं असतात?

शेवंती: पाय बुटात.

रावजी: अगो बाय माझे! बुटात! घरी, बुसैतीनला, तू कधी खुर्चीवर बसून एक तरी सर गाठवलास? खाली बसायचं, पायाच्या अंगठ्याला रेशीम गुंडाळायचं, तोंडानं ओवी, की हात चालला. आणि गुडघा दुखला की माझा अंगठा! अख्ख्या मॅचभर मी तुझ्या धाग्याला बांधलेला. विकेट पडली तरी हलायचं नाही.

शेवंती: हलायचात तुम्ही.

रावजी: हलायचो, आणि तुला लगेच कळायचं! धागा जरा सैल पडला की तुझ्या बोटाला कळायचं, माझ्या अंगठ्याला कळायचं. लोखंडाला काय कळणार? तू सांगितलं नाहीस बाईंना, आमच्याकडं असं करतात म्हणून?

शेवंती: पहिल्याच दिवशी विचारलं त्यांनी. तुझ्या देशात कसं करता? मी टेबलाकडं बोट दाखवलं.

रावजी: का पण?

शेवंती: लाज वाटली.

रावजी: कसली लाज?

शेवंती: तुम्हाला सांगितलं नव्हतं. दुकानात मी आधी पुढंच बसायचे, आठवतं? एक गिऱ्हाईक बाई आली होती. गळ्याला सर लावून आरशात बघत होती, खूश होती. काउंटरवरचा जयेश हसत हसत तिला म्हणाला, मॅडम, ये तो पैर से बनाती है. गंमत म्हणून म्हणाला असेल. त्या बाईंनी सर काढला आणि ट्रेमध्ये ठेवला. असा, दोन बोटांनी. त्या दिवसापासून पडदा.

रावजी: हे मला आज सांगतेस?

शेवंती: तुम्ही त्याला बसखाली घातलं असतं.

रावजी: बसखाली नाही. सित्राच्या उन्हात उभा केला असता, बूट काढून. तुझे बाबा बसायच्या आधी काय करायचे, सांग.

शेवंती: पाय धुवायचे. स्वच्छ पुसायचे. अंगठ्याला हळदीचं बोट लावायचे.

रावजी: आणि तालुक्यातल्या किती बायकांची मंगळसूत्रं त्या अंगठ्यावर गाठवली गेली? माझ्या आईचं तिथलंच. तुझ्या गळ्यातलंही. कुणी दोन बोटांनी काढून ठेवलं?

शेवंती: नाही.

रावजी: मग?

शेवंती: अहो, तिथं पंधरा जण असतात. सगळे चकाचक. त्यांच्यासमोर मोजे काढू?

रावजी: तू आता समुद्रावर आहेस ना? मान वळवून बघ, लोक काय काय काढून पडलेत. आणि तू मोज्याला लाजतेस!

शेवंती: इश्श! गप्प बसा.

रावजी: हसलीस. खलास, भोंगा झाला. लोक यायला लागले. उद्या याच वेळेला फोन लावतो. जातेयस ना?

शेवंती: सांगत नाही.

(दुसऱ्या दिवशी, सोमवारी. सित्राला तीच बस उभी आहे. फिटर सुयोग आज लवकर सुटून पुढच्या सीटवर येऊन बसला आहे.)

सुयोग: भाऊ, किती वेळा लावता? वहिनी उचलतील की.

रावजी: तिसऱ्यांदा लावतोय. तू एसीखाली गप्प बस… हॅलो? हॅलो! शेवंते, गेलीस?

शेवंती: अहो, काय सांगू! कुठून सांगू! आधी पाणी पिऊ दे.

रावजी: पाणी मग पी! गेलीस का नाही?

शेवंती: गेले. बूट घालूनच गेले. खुर्चीवर बसले, चिमट्याला धागा बांधला, दहा मणी झाले आणि तेच, वळला. उठले. बाथरूममध्ये गेले. तिथलं बेसिन एवढं उंच, एक पाय वर ठेवून धुवायला गेले तर पडतेच होते! एक बाई आत आली, तिनं दंडाला धरलं. तिला वाटलं चक्कर आली. तिच्या आधारानं दोन्ही पाय धुतले.

सुयोग: वहिनी, हळद मिळाली का?

शेवंती: कोण, सुयोग? तुलाही सांगितलं यांनी?

रावजी: सगळ्या बसला सांगितलं. पुढं!

शेवंती: हळद कुठली! नुसती बाबांची आठवण लावली. अनवाणी वर्गात आले. फरशी गार. कोपऱ्यात पिशवी अंथरली, खाली बसले आणि अंगठ्याला नवं रेशीम गुंडाळलं, पहिल्यापासून. सगळे हातातलं सोडून बघायला लागले. पहिल्या दोन गाठी मारल्या. मग मी हळूच ओवी धरली.

रावजी: कुठली?

शेवंती: नवीच. तिथल्या तिथं आली.
समिंदराच्या पोटी, पोवळ्याचं झाड
धाग्याला गं माझ्या, अंगठ्याचं वेड.

सुयोग: वा वहिनी!

रावजी: अंगठा कुणाचा ते नाही ना सांगितलंस त्यांना?

शेवंती: त्याची पुढची ओवी आहे. ती घरी आल्यावर. मग काय, ओवी चालली, हात चालला. चाळिसाव्या मण्याला मान वर केली तर बाई समोर. टेबलाला धरून, गुडघे कुरकुरत, खाली बसल्या माझ्यासमोर. म्हटलं, आता बोट ठेवणार. त्यांनी ठेवलं, पण गाठीवर नाही. ताणलेल्या धाग्यावर. सतारीच्या तारेवर ठेवावं तसं, हलकं. आणि डोळे मिटले.

रावजी: मग?

शेवंती: मग उठल्या. उठायला मीच हात दिला. अडीच तासांत शंभर मणी झाले. हुकाला टांगला. अहो, धार! सरळ, पाण्याची धार. त्या लांब गेल्या, जवळ आल्या, परत लांब गेल्या. एक गाठ सैल काढली हां त्यांनी, एकसष्टावी. तेवढी सोडून बाकी एकीलाही बोट लावलं नाही.

रावजी: म्हणजे पास?

शेवंती: पास! सही झाली. आणि फॉर्मवर एक ओळ होती, कुठलं साधन वापरलं. बाकीच्यांनी चिमटा लिहिलाय. बाई माझ्याकडं बघत राहिल्या, काय लिहू म्हणून. मी पाय पुढं केला.

सुयोग: आणि त्यांनी लिहिलं?

शेवंती: पायाचा अंगठा, डावा. शिक्क्यासकट!

रावजी: अरे यल्ला! सुयोग, भोंगा वाजव. अरे आपल्या बसचा, वाजव!

शेवंती: अहो, काय चाललंय? लोक बघतील!

रावजी: बघू देत. आज बघू देत. मॅडमला कळवलंस?

शेवंती: त्यांचाच फोन आला. म्हणाल्या, शेवंती, लवकर ये, पाटी करायला टाकते. मी म्हटलं, मॅडम, एक सांगायचंय. पुढं बसेन तर खाली बसेन, चटईवर. आणि पाय झाकणार नाही.

रावजी: अगो! असं म्हणालीस?

शेवंती: म्हटलं खरं.

रावजी: त्या काय म्हणाल्या?

शेवंती: एवढंच विचारलं, चटई कुठं घालायची.

रावजी: मग काय सांगितलंस?

शेवंती: म्हटलं, रस्त्याकडच्या खिडकीपाशी. सकाळचा उजेड तिथं चांगला येतो.