मेलेली बाई नवव्या पानावर अंडी तळते

सगळ्यात आधी हे नोंदवून घ्या, की दारावरच्या त्या पोरसवदा शिपायाने माझ्याशी ओरडून बोलणं बंद करावं. सहावीनंतर माझी शाळा सुटली, कान सुटले नाहीत. "आजी, लिहिता येतं का तुम्हाला?" असं त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, तेही बाहेर गाड्या लावणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. येतं. सावकाश येतं. म्हणून हा जबाब मी माझ्या हाताने लिहीत आहे आणि सार्जंट पेलेग्रीनोबाई समोर बसून पाहत आहेत. मध्ये कोणी घाई करू नये.

नाव विल्मा ह्राबाक, वय शहात्तर, धंदा आता काही नाही, पूर्वी हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी धुण्याचे काम. राहणार गोदीच्या वरच्या अंगाला, ईरी, पेनसिल्व्हेनिया. घरात मी एकटी असते. नवरा स्टीव्हन मागच्या हिवाळ्यात वारला. त्याआधी काही वर्षं तो मला ओळखत नव्हता. सार्जंटबाईंनी विचारलं म्हणून लिहिलं, या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, लीलँड टास्कर यास मी तीन वर्षांपासून ओळखते. मशीनमध्ये नाणं टाकून कपडे धुतात त्या दुकानाला लागून त्याचं कॉमिकचं दुकान आहे. माझं घरचं मशीन बिघडलं तेव्हापासून मी तिथे कपडे लावते आणि ते होईस्तोवर लीलँडकडे बसते, कारण त्याच्याकडे हीटर आहे.

कॉमिकवाल्यांच्या धंद्याची एक रीत इथे सांगावी लागते, नाहीतर पुढचं कळणार नाही. एखाद्या जुन्या हिरोची गोष्ट शेकडो अंक चालली आणि खप उतरला, की कंपनी आकडा पुसते आणि पुन्हा 'अंक पहिला' म्हणून छापते. म्हणे नवा वाचक येईल. येतात तेच जुने, दाढ्या पिकलेले. एक प्रत वाचायला घेतात, दुसरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात आणि जन्मात उघडत नाहीत. खरोखरीचा नवा वाचक त्या दुकानात मी एकटीच होते. लीलँडच्या ते ध्यानात आलं.

"विल्माबाई, हा अंक वाचा आणि सांगा, कळलं का," असं तो एकदा म्हणाला.

"विकतोस तू, वाचू मी?"

"मला आधीचं सगळं पाठ आहे हो. त्यामुळे नवख्याला कळेल की नाही, ते मला कळत नाही."

मी वाचला. बोट ठेवून वाचते, वेळ लागतो. मग जे वाटलं ते बोलले आणि त्याने ते फोनवर टिपून इंटरनेटवर टाकलं. तेव्हापासून दर बुधवारी, नवे अंक येतात त्या दिवशी, मी एक पहिला अंक वाचते आणि शेवटी 'कळलं' किंवा 'नाही कळलं' असा निकाल देते. त्या कार्यक्रमाला 'विल्माला कळलं का?' म्हणतात. हजारो लोक पाहतात म्हणे. एका हिरोचे आईबाप दर पहिल्या अंकात नव्याने मारतात, त्यावर मी म्हटलं होतं, "एकदाच नीट पुरा त्यांना आणि पुढे चला." ते लोकांनी सदऱ्यांवर छापून घेतलं. मला त्यातला एक सदराही मिळाला नाही.

गेल्या बुधवारी लीलँडने मला 'ग्रे हेरॉन' नावाच्या कॉमिकचा नवा पहिला अंक दिला. हेरॉन म्हणजे बगळा. साठ वर्षं सगळे या बगळ्याला पुरुष समजत होते, आता कळतं की त्या मुखवट्यामागे बाई आहे. लिहिणारी कोरीन अबेअर, वय सत्तावीस, याच शहरातली. हे तिचं पहिलंच मोठं काम. मी अंक वाचला. पाचव्या पानावर बाई बुडून मरते आणि नवव्या पानावर स्वयंपाकघरात अंडी तळते. मध्येच एक म्हातारी येते, ती आधी पुरलेली असते. शेवटचं पान वाक्याच्या मध्यात संपतं. मी फोनसमोर पानं उलटून दाखवली आणि म्हटलं, "मेलेली बाई अंडी तळते. कोणासाठी? लिहिणारीलाच ठाऊक नाही. या मुलीने हॉटेलात भांडी घासायला जावं, तिथे निदान आधी काय आणि नंतर काय ते शिकवतात. नाही कळलं." लीलँड फोन धरून इतका हसत होता की चित्र हलत होतं.

तो अंक मी परत दिला नाही. दर वेळी देते. या वेळी रागाने पिशवीत टाकला आणि घरी नेला. ओट्यावर किटलीखाली ठेवायला काही तरी हवंच होतं.

काल शनिवारी दुपारी कोरीन अबेअर माझ्या दारी आली. मी तिला ओळखलं नाही. हातात कागदाचं पाकीट, डोळे सुजलेले.

"ह्राबाकबाई, मी भांडणाला आले नाही," ती म्हणाली.

"मग आत ये. भांडायला आली असतीस तर दारातच उभी केली असती. कोण तू?"

"भांडी घासणारी."

मी तिला खुर्ची दिली. मी हालुश्कीसाठी, म्हणजे आमच्याकडच्या कोबी घातलेल्या शेवयांसाठी, कोबी परतत होते. ती म्हणाली की इंटरनेटवर तुमच्या हातात पानं पाहिली तेव्हा कळलं, ही छापखान्याने चुकीच्या क्रमाने शिवलेली प्रत आहे. काही गठ्ठे तसे निघाले. कंपनीने मंगळवारीच सगळ्या दुकानांना कळवलं होतं, की हे गठ्ठे विकू नका, कव्हर फाडून नष्ट करा, फाडल्याचा फोटो पाठवा, बदली प्रती येत आहेत. दुसऱ्या अंकाच्या मागण्या दुकानं सोमवारी पक्क्या करतात. तुमचं बोलणं ऐकून त्यांनी मागण्या निम्म्यावर आणल्या. सोमवारपर्यंत सावरलं नाही तर तिसऱ्या अंकानंतर मालिका बंद, आणि दुसरं काम तिला कोणी देणार नाही.

मी म्हटलं, "पोरी, मी जे हातात दिलं ते वाचलं. चूक छापखान्याची."

"तुमचं काहीच चुकलं नाही. फक्त एकदा बरोबर क्रमाने वाचा. नाही कळलं तर तसंच सांगा. मी जाईन."

तिने पाकिटातून चांगली प्रत काढली. मी गॅस बारीक केला आणि वाचायला बसले. ती समोर नखं खात बसली होती. बरोबर क्रमाने लावलं तर ती अंडी आईसाठी असतात. आईला मुलगी ओळखू येत नाही. रोज सकाळी ती मुलीला विचारते, तू नवी नर्स का गं, आणि मुलगी रोज हो म्हणते. मुखवटा आधी आईचाच होता, तेही आईला आठवत नाही. बुडण्याचं पान सगळ्यात शेवटून दुसरं आहे. शेवटच्या पानाबद्दल मी इथे लिहिणार नाही. ते वाचून झाल्यावर मी उठून कोबी हलवला. कोबीला हलवण्याची गरज नव्हती.

"कळलं का?" तिने मागून विचारलं.

"मीठ कमी आहे का बघ," मी म्हटलं आणि तिला चमचा दिला. तिने चाखलं आणि पुरेसं आहे म्हणाली. खोटं बोलली, कमी होतं.

मग मी म्हटलं की सोमवारच्या आत मी पुन्हा बोलेन. दोन्ही प्रती शेजारी धरून पानं दाखवीन. लीलँडचं दुकान नको, तुझ्याच फोनवर घे, आत्ताच. तिने फोन मिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. मी किटली उचलली आणि खालचा चुकीचा अंक काढला.

त्याच वेळी लीलँड टास्कर मागच्या दाराने आत आला. दार वाजवलं नाही. टेबलावर तिला आणि दोन अंकांना पाहून तो थबकला. मग त्याला कव्हरवरचा किटलीचा गोल डाग दिसला, आणि मी मांजर चिरडलं असावं तसा तो किंचाळला.

"अहो, हे काय केलंत! जगभर या प्रती शोधताहेत लोक! आणि ही तर व्हिडिओतली आहे!"

इथे सांगायला हवं की त्या लोकांत चुकीच्या छापलेल्या प्रतीला बरोबर प्रतीपेक्षा जास्त भाव असतो. जे फाडायला सांगितलं ते न फाडता उरलं, तर त्याला सोन्याचा भाव. यावर माझं मत कोणी विचारलेलं नाही.

कोरीन त्याला म्हणाली, "टास्करसाहेब, तुम्ही तर कळवलंत की सगळ्या प्रती फाडल्या. फोटो पाठवलात."

"फाडल्याच. ही एक चुकून राहिली."

"मग पिशवीत बंद करून विकायला लावलेल्या कुठल्या? काल रात्रीपासून इंटरनेटवर तुमच्याच नावाने दिसताहेत."

लीलँडने तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे हात पुढे केला. "विल्माबाई, द्या तो अंक. मी वाचायला दिला होता, ठेवायला नाही."

मी विचारलं, "लीलँड, मी पानं उलटत होते तेव्हा तुला दिसलं नाही का रे, की क्रम चुकलाय? तुला तर सगळं पाठ असतं."

"दिसलं! न दिसायला आंधळा आहे का मी? पण तुम्ही काय बोलत होतात! असलं बोलणं वर्षात एकदा मिळतं. थांबवू कशाला?"

"आणि ही पोरगी?"

"लिहील दुसरं काही. तरुण आहे."

मग त्याने माझ्या हातातून अंक ओढला. कोरीनने दुसरं टोक धरलं. त्याने तिचा हात मनगटातून पिरगाळून टेबलाच्या कडेवर दाबला. ती ओरडली. त्याने सोडलं नाही. मी त्याला दोनदा सांगितलं, "सोड." त्याने ऐकलं नाही. तेव्हा मी कोबीसकट बिडाचा तवा उचलला आणि त्याच्या कपाळावर मारला. उजव्या हाताने, एकदा. भुवईवरची जखम त्याची आहे आणि मारणारी मी आहे. कोबी त्याच्या कॉलरमध्ये गेला, तो त्याने नंतर पोलिसांच्या गाडीत काढला असं ऐकते.

शेजारच्यांनी पोलिसांना फोन केला. गाडी आली तेव्हा लीलँड जमिनीवर बसून रक्त पुसत होता. तो म्हणाला की वाईट परीक्षणाचा राग धरून या लेखिकेने माझ्यावर हल्ला केला आणि माझ्या दुकानाचा माल चोरला. तुमच्या माणसांना ते लगेच पटलं. तरुण मुलगी, रडलेली, आणि कोपऱ्यात कोबीच्या वासाची म्हातारी. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही. एकाने कोरीनला विचारलं, "तुम्ही मारलंत?"

ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "हो. मीच मारलं."

मी म्हटलं, "खोटं बोलते ती. मी मारलं."

तुमचा शिपाई मला म्हणाला, "आजी, तुम्ही बसा, तुम्हाला धक्का बसलाय." आणि तिला घेऊन गेला. जाताना ती मला म्हणाली, "गॅस बंद करा हं." बुधवारी हजारो लोकांसमोर मी जिला भांडी घासायला पाठवलं, तिने माझ्यासाठी असं का म्हणावं, ते तिला मी विचारलेलं नाही. सार्जंटबाई विचारतात, तुमचा काय अंदाज. माझा अंदाज जबाबात येत नाही.

चोरीबद्दल: तो अंक लीलँडने माझ्या हातात दिला, मी घरी नेला, माझ्या ओट्यावर होता. कोरीनने तो चोरलेला नाही. मनगटाचा एक्स-रे काढावा, उजवा हात आहे आणि ती त्याच हाताने लिहिते. तिचा फोन मिठाच्या डब्याला टेकवलेला होता आणि चालू होता. तो तुमच्या ताब्यात आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर तो पाहा. माझा निकाल त्यात नाही, कारण मी तोंड उघडायच्या आत लीलँड आत आला. तो निकाल मी आता इथे देते, कारण मला घरी कधी सोडाल ते माहीत नाही आणि सोमवार उद्या आहे: 'ग्रे हेरॉन', अंक पहिला. कळलं. हे वाक्य इथून बाहेर जाऊ द्यावं.

वर लिहिलेलं सगळं सार्जंटबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मी ते जरा हळू आवाजात पुन्हा वाचायला लावलं. दोन ठिकाणी त्यांनी माझा शब्द सुधारला होता, तो मी पुन्हा माझाच करून घेतला. आता ते जसं घडलं तसं आहे. सही माझी आहे, वाकडी असली तरी.

तवा कोणी मारला ते मला विचारा. मंगळवारी फाडायला सांगितलेली प्रत बुधवारी माझ्या हातात का दिली, ते लीलँड टास्करला विचारा, आणि उत्तर त्याने स्वतः द्यायचं, वकिलाने नाही. पलीकडच्या खोलीत बसवलेल्या पोरीला आता कोणी काही विचारायचं नाही.