अपिलाचे तिसरे साहेब

आमच्या दामूकाकाची खोड माहितीय ना? डॉक्टर असो की ड्रायव्हर, आधी त्याचं शिक्षण विचारणार.

धरमतरला बार्जवरून पडल्यापासून काकाचा उजवा पाय फरफटतो, तरी अपंगाचा दाखला नाकारला. मग अपिलासाठी मीच त्याला पेणहून अलिबागला नेलं. टेबलामागे तिघं बसलेले.

काकानं सुरुवातच केली, "माजा पाय बघनारे तुमी कोन? काय शिकलाव?"

एक हाडांचे डॉक्टर निघाले, दुसरे मेंदूचे.

तिसरे म्हणाले, "मी डॉक्टर नाही. चपला दाखवा."

काकाची उजवी चप्पल टोकाला पार झिजलेली. साहेबांनी टेबलाखालून स्वतःची उजवी पुढे सरकवली. तीही तशीच!

काका चक्रावला. "साहेब, तुमच्या अपिलाला कोन बसलेला?"

"तीन डॉक्टर. चप्पल कुणीच बघितली नाही."