‘सील’ शब्दाचा तिसरा साक्षीदार

सन्माननीय अध्यक्ष एल्मार्स स्त्राउत्मानिस महोदय, व्यासपीठावर विराजमान विद्वज्जन, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती आउस्मा ग्रावीते, इंग्रजी–लाटव्हियन कोशविभागातील माझे सहकारी, आणि राय धान्याच्या काळ्या पावावरील धुरावलेल्या माशांकडे भक्तिभावाने पाहत माझे भाषण संपण्याची प्रतीक्षा करणारे रसिकहो,

प्रारंभीच एक शुद्धिपत्र. बाईंना अर्पण केलेल्या पुष्पगुच्छात मुद्रणविभागाने दहा गुलाब आणले होते. सम संख्येची फुले आपण केवळ दफनभूमीत नेतो, हे ऐन वेळी कोणाच्या तरी स्मरणात आले. दहावा गुलाब सध्या अध्यक्षमहोदयांच्या कोटावर विलसतो आहे. तो अलंकार नसून दुरुस्ती आहे, याची सभेने नोंद घ्यावी.

आता मूळ विषय. कार्यक्रमपत्रिकेत पाचव्या क्रमांकावर ‘किल्ली-प्रदान’ असे छापले आहे. कोणास, ते छापलेले नाही. ती किल्ली बाईंच्या गळ्यात गेली चौतीस वर्षे आहे आणि ती बाईंच्या कार्ड-कपाटाची आहे. समितीने उत्तराधिकारी म्हणून प्रस्तुत वक्त्याचे, म्हणजे इंदुलिस बेर्गमानिस या नम्र गृहस्थाचे नाव सुचवले. बाईंनी ना होकार दिला ना नकार. त्यांनी एक अट घातली. ती कोणती, हे आजवर केवळ त्यांना आणि मला ठाऊक होते. ती सभागृहास सांगणे हाच तिचा उत्तरार्ध आहे.

ज्यांनी ते कपाट पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे निरूपण. इंग्रजी शब्द हा बहुरूपी प्राणी. आपल्या लाटव्हियनमध्ये प्रत्येक रूपाला स्वतंत्र नाव आणि म्हणून कपाटात प्रत्येक अर्थाला स्वतंत्र कार्ड. ‘सील’ घ्या. समुद्रात पोहणारे असेल तर रोनिस, कागदावर उमटणारे असेल तर झीमोग्स. तिसरे पंपात बसते आणि पाण्याला बाहेर येऊ देत नाही. इतपत काम कोणताही कोशकार करतो. बाईंचा दंडक त्यापुढचा. प्रत्येक कार्डावर एका जिवंत माणसाचे नाव आणि पत्ता हवा, जो तो लाटव्हियन शब्द आपल्या कामात खरोखर वापरतो. त्याला साक्षीदार म्हणायचे. रोनिसचा साक्षीदार एक कोळी, झीमोग्सची साक्षीदार टपालखात्यातली एक कारकून. आणि आपल्या दिनदर्शिकेत प्रत्येक नावाला एक नामदिन नेमलेला असल्याने, बाई रोज सकाळी ती उघडून त्या दिवशी ज्या साक्षीदारांचा नामदिन असेल, त्यांना स्वहस्ते शुभेच्छापत्र लिहीत. मी एकदा विचारले की हे कोशकार्यात कुठे बसते? त्या म्हणाल्या, “ज्याला हाक मारता येत नाही, त्याचा शब्द मी छापायचा कशाला?”

अकरा वर्षांपूर्वी मी विभागात नवा होतो आणि ‘सील’चे तिसरे कार्ड माझ्याकडे आले. बाहेर पाऊस, किनाऱ्यावर जाणारी बस गैरसोयीची, आणि तांत्रिक ग्रंथात शब्द तयार: ब्लीवस्लेग्स. काय तो घोष, काय ते गांभीर्य! उणीव एवढीच, की साक्षीदार नव्हता. मी तो निर्माण केला. तालिवाल्दिस, पंपदुरुस्ती कामगार, मुक्काम रोया, घराचे नाव ‘प्रिएदेस’, म्हणजे पाईनवृक्ष. त्या किनाऱ्यावर पाईनची झाडे इतकी, की त्यांच्या नावाचे घर एखादे तरी असेलच, असा माझा शास्त्रशुद्ध तर्क. तो दुर्दैवाने अचूक ठरला.

मी एक गोष्ट विसरलो. माणूस निर्माण केला की त्याचा नामदिनही निर्माण होतो.

बाई तालिवाल्दिसला दरवर्षी पत्र पाठवीत राहिल्या. एकही परत आले नाही. आरंभी मला भय वाटे, पुढे आश्चर्य, आणि अखेर, मानवी स्वभावाची गंमत पाहा, मलाच वाटू लागले की हा मनुष्य खरोखर असावा.

गेल्या महिन्यात नव्या आवृत्तीची प्रुफे पूर्ण झाली. बाईंनी ते कार्ड माझ्यापुढे ठेवले आणि आवाज यत्किंचितही न चढवता म्हणाल्या, “इंदुलिस, तुझ्या साक्षीदाराला भेटून ये. मग किल्लीचं बोलू.”

गेलो. अकरा वर्षांपूर्वी चुकवलेल्या त्याच गैरसोयीच्या बसने. ‘प्रिएदेस’चे दार एका बाईंनी उघडले, हातात माशांची सुरी. मी चाचरत कोशविभागाचे नाव घेतले. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळले.

“म्हणजे तालिवाल्दिस तूच का रे? आत ये. तुझी अकरा पत्रं आलीयेत. दर वर्षी वाटायचं, यंदा तरी न्यायला येईल.”

त्या श्रीमती झाइगा फ्रेइमाने. पहिले पत्र आले तेव्हाच त्यांनी आउस्माबाईंना कळवले होते की इथे असा कोणी राहत नाही. बाईंचे उत्तर त्यांनी मला दाखवले. दोन ओळी: “मला शंका होतीच. तुमची हरकत नसेल तर पाठवत राहीन. तो एक दिवस तुमच्या दारात येईल.”

विद्वज्जनहो, त्या दोन ओळी मी दोनदा वाचल्या. पुढ्यात आलेला चहा प्यालो. मग विचारले, गावात पंप दुरुस्त करणारे कोणी आहे का? झाइगाबाई हसल्या. मासळीच्या कारखान्यातले पंप सव्वीस वर्षे त्याच दुरुस्त करीत होत्या. मी अदबीने माझा शब्द उच्चारला.

“पंपातनं पाणी उसळतंय, बूट भरलेत, आणि मी ओरडायचं ब्लीवस्लेग्स आण? तो शब्द संपेस्तोवर कारखाना बुडेल. ब्लीवे म्हणायचं, नि हात पुढे करायचा.”

तर सभाजनहो, जुने कार्ड मी आपणासमक्ष फाडतो. नवे वाचतो. सील, अर्थ तिसरा: ब्लीवे. साक्षीदार: झाइगा फ्रेइमाने, ‘प्रिएदेस’, रोया. साक्षीदार तिसऱ्या रांगेत, खिडकीपाशी बसल्या आहेत. त्यांना हाक मारता येते. मी मारून पाहिली आहे.

बाई, आता आपली स्वाक्षरी. अध्यक्षमहोदय, आपले पेन. नाही, गुलाब नको, पेन.

स्वाक्षरी झाली. किल्लीही गळ्यातून निघते आहे, असे दिसते. ती मजपर्यंत पोहोचेतो आभार मानून घेतो: अध्यक्षांचे, अतिथींचे, थंड होणाऱ्या चहाचे, आणि ज्यांनी मला अकरा वर्षांत एकदाही खोटे ठरवले नाही, त्या आउस्माबाईंचे. बोलण्यात काही न्यून राहिले असल्यास क्षमा असावी, असे येथे म्हणण्याचा प्रघात आहे. मी आज ते प्रघात म्हणून म्हणत नाही.

आणि उद्या सकाळची शुभेच्छापत्रे आता मी लिहीन. झाइगाबाईंची एकच सूचना आहे: तालिवाल्दिसचे पत्र बंद करायचे नाही. त्यांना सवय झाली आहे.