एअर फ्रायर विकणे आहे

नाही नाही, चपला राहू द्या पायात, फरशी पुसायचीच आहे अजून — या, इकडे स्वयंपाकघरात या, ते काय ओट्यावर ठेवलंय. तर जिन्यात तुम्ही विचारलंत ना, खरंच वीज वाचते का म्हणून? वाचते. विकायचंय म्हणून सांगत नाही, वाचतेच. आता बघा, मोठा ओव्हन असतो तो आधी स्वतः तापत बसतो, मग आपल्या अन्नाकडे वळतो — चार बटाट्यांसाठी अख्खी खोली तापवल्यासारखं ते. याची ही एवढीशी टोपली, तीन-चार मिनिटांत तापते, वीस मिनिटांत बटाटे खुसखुशीत, आणि तेल म्हणाल तर नावाला. दोन माणसांच्या घरात याच्यासारखी वस्तू नाही. पाच माणसं झाली की मात्र फिसकटतं, तेही सांगून ठेवते, मागाहून बोल नको. आमचा मुलगा येतो बायको-पोरांना घेऊन, तेव्हा चार घाणे काढावे लागतात — पहिला घाणा खाऊन पोरं उठतात तेव्हा माझा चौथा आत असतो. मग कसली वाचतेय वीज? आताशा ते जेवूनच येतात म्हणा. त्यामुळे तोही प्रश्न मिटला.

हात लावून बघा ना, लाजताय काय. आतला काळा लेप कुठेही निघालेला नाही, कारण लोखंडी चमचा याला लावायचा नाही असा ह्यांचा नियम आहे, लाकडीच. खोकंसुद्धा आहे माळ्यावर, पावती आहे, ते माहितीचं पुस्तक आहे — त्यात ह्यांनी पेन्सिलीने खुणा केल्यात, कुठल्या भाजीला किती मिनिटं. तुम्हाला उपयोगीच पडतील. — ह्यांना? हो, माहीत आहे ह्यांना. म्हणजे होईल माहीत. आज बुधवार, बुधवारी हे खांद्याच्या व्यायामाला जातात दवाखान्यात, बारा-साडेबारापर्यंत येतात. म्हणून तर वाण्याच्या दुकानातल्या फळ्यावर मी तशी चिठ्ठी लावली, बुधवारी दहा ते बारा. तुम्ही वेळेत आलात, बरं झालं.

फ्रीजवर काय वाचताय? ती यादी होय. आत काय-काय आहे त्याची यादी आहे ती. दार उघडून बघत राहिलं की गारवा बाहेर जातो, मग यंत्राला तो पुन्हा तयार करावा लागतो — तेव्हा आधी यादी वाचायची, काय काढायचं ते ठरवायचं, मग उघडायचं, घ्यायचं, लावायचं. हसू आलं ना? हसा, मीही हसले होते. आता सवय झाली. बहिणीकडे गेले तरी तिच्या फ्रीजपुढे यादी शोधत उभी राहते मी.

नाही हो, चिक्कू म्हणू नका ह्यांना. मीच म्हणत नाही, तर दुसऱ्याने कशाला म्हणावं. हे कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर फोरमन होते, सत्तावीस वर्षं. वाफ कुठे गळते ते लांबून कळायचं ह्यांना, नळीजवळ नुसता हात नेऊन सांगायचे. आणि एक दिवस मालकाने सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि सांगितलं, इंधन परवडत नाही, उद्यापासून यायचं नाही. झालं. घरी आले, जेवले. आठवडाभराने मी विचारलं, तर म्हणाले, "मी अजून थोडं वाचवलं असतं ना, तर चालला असता कारखाना." एकट्या माणसाने वाचवून कुठे कारखाने चालतात का? पण डोक्यात बसलं ते बसलं. तेव्हापासून ह्यांनी हे घर चालवायला घेतलंय. कारखान्यात दोनशे माणसं होती. इथे मी एकटी.

बसा ना, स्टूल घ्या. अगं — अगं-तुगं केलं तर चालेल ना? माझ्या मुलापेक्षा लहानच असशील तू. एकटी राहतेस? खोली घेतलीस? स्वतःची, म्हणजे भाड्याची, पण एकटीची. अच्छा. मग तर हे यंत्र तुझ्यासाठीच आहे, एकट्या माणसाला फार सोयीचं.

एक विचारू? तुझ्या खोलीत संध्याकाळी दिवा कुठे लावतेस? नाही, असंच विचारते. आमच्याकडे ना, एकच दिवा लागतो संध्याकाळी, बाहेरच्या खोलीत. दोन माणसं, दोन खोल्या, दोन दिवे — कशाला, हे म्हणतात, एका उजेडात दोघांचं भागतं. आणि खरंच भागतं, त्यात खोट काही नाही. उजेडाजवळची खुर्ची मला देतात, स्वतः लांब बसतात, डोळे ताणून पेपर वाचतात. इतकं करतात माझ्यासाठी. पण सातपासून दहापर्यंत मी त्या खुर्चीत. उठून आत गेले की लगेच, "काय हवंय? मी आणून देतो." काही नको असतं गं. नुसतं आत जायचं असतं. पण आत जाऊन अंधारात काय करतेस असं विचारलं, तर काय सांगू? मग येते परत. बसते. सहा वर्षं झाली बसतेय.

भांडले असते मी, पण भांडायला कोणी सापडतच नाही. आवाज चढवत नाहीत, हात उगारणं तर लांबच. शेजारणी म्हणतात, काय नवरा आहे, भांडी घासतो, कपडे वाळत घालतो. नशीब काढलंस म्हणतात. काढलंय खरं.

हा चौकोन दिसला का तुला फरशीवर, जरा पांढरा आहे तो? तिथे माझा ओव्हन होता. चांगला मोठा, एका वेळी तीन केक मावायचे. अठरा वर्षं केक केले मी, ऑर्डरी घ्यायचे — वाढदिवस म्हणू नको, लग्नं म्हणू नको, इथल्या शाळेच्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा चार मजली केक केला होता, दारातून बाहेर काढताना चौघांनी धरून न्यावा लागला. गल्लीतली पोरं मला केकवाली म्हणायची. माझं खरं नाव अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. वास जायचा ना खालपर्यंत, लोक जिना चढून यायचे, नुसते विचारायला, आज काय आहे म्हणून. हे घर म्हणजे माणसांचा राबता होता नुसता.

मग बहिणीचं ऑपरेशन झालं. आठ दिवस तिच्याकडे राहिले मी. परत आले, पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायला आत आले, तर हा चौकोन. आणि ओट्यावर हे, लाल फीत बांधलेलं. फीत ह्यांनीच बांधली होती, गाठ बघूनच कळलं — कारखान्यात नळीला बांधतात तशी, आवळून. म्हणाले, "तुझे कष्ट वाचतील. तो राक्षस किती वीज खायचा, तुला कल्पना नाही." ओव्हन विकून टाकला होता. कोणाला ते मी विचारलं नाही, अजूनपर्यंत नाही. मी रडले. ते म्हणाले, अगं वेडे, एवढं काय, वाढदिवसाला काही दिलं नव्हतं ना तुला. त्यांना वाटलं आनंदाने रडते. डोळे पुसले माझे. आता अशा माणसाला काय सांगायचं होतं मी? त्या वेळी सांगायला हवं होतं. राहून गेलं. आणि एकदा राहून गेलं ना, की मग त्यावर दिवस साचत जातात, खरडून निघत नाही ते.

केला ना, यातही केक केला. वरून काळा, आतून पीठ. दुसऱ्यांदा जमला, पण हा एवढासा, वाटीएवढा. वाटीएवढ्या केकवर कोण कोणाचं नाव लिहून घेणार? हळूहळू लोक कोपऱ्यावरच्या बेकरीत जायला लागले. जिना शांत झाला. ह्यांना बरंच वाटलं, मला विश्रांती मिळाली म्हणून.

आणि आता त्या बाजूच्या प्लगकडे बघ, तो पांढरा डबा आहे ना मध्ये लावलेला. त्यातून ह्यांच्या मोबाईलवर कळतं, यंत्र कधी लागलं, किती वेळ चाललं. पाळतीसाठी नाही गं, हौस आहे ती ह्यांची, बॉयलरचे काटे बघायची सवय. दिवसातून एकदाच तापवायचं असं ठरलंय आमचं, साडेबाराला, म्हणजे परत-परत गरम व्हायला वीज नको. म्हणून मघाशी तू चालू करून दाखवा म्हणालीस तेव्हा मी खोक्याचा विषय काढला.

तुला खरं सांगू का? तू कुठे कोणाला ओळखतेस इथलं. मागच्या मंगळवारी मी भाजीला म्हणून गेले आणि खोली बघून आले. औषधाच्या दुकानावर, दुसरा मजला, बाईमाणूस मालकीण. एक खिडकी, एक कॉट, भिंतीशी छोटासा ओटा. मालकिणीने विचारलं, राहणार किती जण? मी म्हटलं, "एक." तोंडातून शब्द गेला आणि मी कॉटवर बसलेच बघ. छप्पन्न वर्षांत असं म्हटलं नव्हतं मी कधी कुठे. ती म्हणाली, बघून घ्या, मी खालून किल्ली आणते. ती गेल्यावर मी काय केलं असेल? दिवा लावला. भर दुपारी, खिडकीतून ऊन येत होतं, तरी लावला. आणि त्याच्याखाली उभी राहिले. ती वर आली तर मी तशीच उभी. म्हणाली, बल्ब चालतोय ना? म्हटलं, चालतोय.

कळवते, म्हणाले मी. उद्यापर्यंत थांबते म्हणालीय ती.

नाही, पैशांसाठी नाही विकत हे. याचे असे कितीसे येणार? खरं म्हणजे मला बघायचं होतं — घरातली वस्तू दुसऱ्याला न विचारता विकताना माणसाला आतून कसं वाटतं ते. ह्यांना तेव्हा कसं वाटलं असेल. चिठ्ठी लावताना माझ्या हातून टाचणी दोनदा पडली. आणि वाटलं, हे एकदा जमलं तर ते दुसरंही जमेल. आधी ओटा रिकामा करायचा, मग मी बाहेर पडायचं. असं. वेड्यासारखं आहे ना?

चल, दाखवतेच चालू करून. वस्तू घेणाऱ्याने चालवून बघायलाच हवी, तुझा हक्क आहे तो. नाही, लावते ना. कोणाच्या बापाची भीती आहे? हे बघ, दोन बटाटे, अशा फोडी, टोपली आत, बटण — ऐकलास आवाज? यंत्र नवं होतं तेव्हाही एवढाच होता. वास येईल आता. तुझ्या खोलीत खिडकी उघडी ठेवत जा करताना, खाली रस्त्यावर जाऊ दे वास. आणि कोणी वर आलं विचारायला, तर ये म्हण. बसव. चहा कर. दोनदा तापव, चारदा तापव, तुझी तू. घेऊन जाशील ना नक्की? खोकं काढू? तू ते स्टूल धर, मी चढते —

थांब. फोन वाजतोय. बोलू नकोस हं काही.

हॅलो. — हो. हो, मीच लावलंय. — नाही, भूक लागली जरा, म्हणून दोन बटाटे. सकाळी पावच खाल्ला ना नुसता. — नाही हो, बरी आहे, ताप-बीप काही नाही. — चुकलंच माझं, थांबायला हवं होतं. — कोण येणार? कोणी नाही. एकटीच आहे. — आज लवकर सोडलं? खांदा दुखतोय का? — फाटकापाशी? — नाही, नाही, धावत वर येऊ नका, मी बंद करते. या सावकाश.

पैसे आत ठेव. ठेव म्हणते ना पर्समध्ये. नाही, मी नाही देत, राहू दे, ते यंत्र तसं बरं नाही, बाजूने ओरखडा आहे त्याला, तुला मी दाखवलाच नाही. नवीन घे तू. घाबरले बघ ते, फोनवर आवाज कापत होता — मला काही झालं का म्हणून. दुखऱ्या खांद्याने जिना चढतायत धावत, रागाने नाही. हेच तर कोणाला सांगता येत नाही. आता ते यंत्र दिसलं नाही तर दारातच बसतील ते, उठवणार कोण? — ऊठ. स्टूल राहू दे. त्या खोलीचं बोलले ते विसर, तशी काही खोली-बिली नाहीये कुठे. ही पावलं त्यांचीच. दारातून बाहेर हो, थोडी लांब उभी राहा, अशी —

या. हळू, किती दम लागलाय. काही नाही हो, बरी आहे मी, बघा. ह्या? ह्या पत्ता चुकल्यात. दुसऱ्याच कोणाचं घर शोधतायत. — नाही बाई, इथे कोणी काही विकत नाही. तुम्ही खाली विचारा.