आमदारसाहेबांची वाट

मंडळी, देवाची पहिली आज्ञा पाठ आहे ना — माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत? माना तर सगळ्यांच्या डोलल्या! मग सांगा — मूर्ती म्हणजे काय? दगडाची? लाकडाची? आपल्या घरात मूर्ती नाही म्हणून आपण ख्रिस्ती माणसं किती ऐटीत चालतो! पण मी विचारतो, जी मूर्ती पांढरे कडक कपडे घालते, गाडीतून उतरते आणि पाच वर्षांतून एकदा उलट आपल्यालाच हात जोडते — तिचं काय? हसू नका! ऐका.

नगरकडचं एक गाव. तिथल्या आपल्या ख्रिस्ती देवळातले वडील, म्हणजे देवळाचा कारभार बघणारे पंच, बर्नबा त्रिभुवन. माणूस सरळ हो! प्रार्थनेत रडायचा, आजाऱ्याला भेटायचा. पण एक खोड. सत्ता दिसली की कणा मोडायचा! तलाठी दिसला की अर्धा वाकायचा, तहसीलदार दिसला की पुरता, आणि आमदार दिसले की… बर्नबा कुठाय ते शोधावं लागायचं!

त्याला हवं काय होतं? दफनभूमीला भिंत. थडग्यांत डुकरं शिरायची, मंडळी! मागणी रास्त. पण बर्नबा म्हणे, "साहेबांच्या मनात आलं की झालं!" काय ती श्रद्धा! तेवढी देवावर ठेवली असती तर गावचा डोंगर उठून दुसऱ्या तालुक्यात गेला असता!

साहेबांनी शब्द दिला — रविवारी नऊला येतो. तो रविवार प्रभुभोजनाचा — प्रभूच्या आठवणीत मेजावरची भाकर न् द्राक्षरसाचा प्याला सगळ्यांनी वाटून घ्यायचा. बर्नबानं कुठूनतरी मोठी खुर्ची आणली. ठेवली कुठं? प्रभूच्या मेजासमोर, बरोब्बर मध्ये! म्हणजे प्रार्थनेत डोकं लववायचं ते खुर्चीपुढं! आणि साहेबांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल लागतो ना? तो मिळेना. मग काय, मेजावरचं पांढरं कापड ओढलं आणि टाकलं खुर्चीवर! भाकर न् प्याला झाकला साहेबांच्याच प्रचारपत्रकानं. प्रभूच्या भोजनावर साहेब हसतायत — सगळे दात दाखवून!

नऊ वाजले. दहा वाजले. उपासना चालवणारे पाळकसाहेब म्हणाले, "वडील, सुरू करू या का?"

"थांबा हो! साहेब आले की उपासनेला शोभा येईल."

शोभा! देव होता की तिथं! पण देवाबरोबर फोटो कुठं काढता येतो?

अकराला बर्नबाची बायको, सुवार्ता, धावत आली. घरी बर्नबाची आई, रिबकाबाई, पंधरा दिवस अंथरुणाला खिळलेली. आपली रीत ठाऊक आहे — देवळात भोजन झालं की पाळक आजाऱ्याच्या घरी भाकर न् प्याला नेतात. म्हातारीनं सकाळीच केस विंचरून घेतले होते, धुतलेलं लुगडं नेसली होती.

"अहो, आई इचारत्यात, पाळकसाहेब कधी येत्याल? धाप लागलीय त्यांना."

"सांग, साहेब निघालेत."

"कोणते साहेब?"

बर्नबा खुर्चीवरचं कापड सारखं करायला लागला.

बाराला सुवार्ता परत आली. "आई म्हणत्यात, मला आता लई येळ नाही."

पाळकसाहेब उठले. बर्नबानं त्यांचा झगा धरला. "पाच मिनिटं! साहेब नाक्यावर आलेत!" आणि पाळकसाहेब बसले. हो, बसले! एकट्या बर्नबावर ढकलू नका. दोनशे माणसं होती देवळात, एकानंही तोंड उघडलं नाही.

म्हणा माझ्यामागं —

राजे आले, राजे गेले, धूळ उडाली मागं।
देवा, तुझ्या मेजापुढं सांग कोण जागं॥

दीडला साहेब आले. खुर्चीत बसले. "तुमचा येशूबाबा फार मोठा समाजसेवक," म्हणाले. भिंतीचं "बघू" म्हणाले. आणि गेले. अकरा मिनिटं! मग प्रभुभोजन उरकलं — उरकलंच म्हणतो मी — आणि बर्नबा पाळकसाहेबांना घेऊन घराकडं धावला. आता धावला!

दारात सुवार्ता उभी, पदर तोंडाला. ती बाजूला झाली.

आत म्हातारी निजलेली. केस नीट विंचरलेले. तोंड जरासं उघडं. पाळकसाहेबांच्या हातात भाकर होती, मंडळी. द्यायची कुणाला?

दुसऱ्या दिवशी मूठमाती दिली. लोक दफनभूमीतून बाहेर पडतात तो रस्त्यावर टेम्पो उभा. दोघा कार्यकर्त्यांनी फ्लेक्स बांधला. "भावपूर्ण श्रद्धांजली!" साहेब हे एवढे! म्हातारी खाली कोपऱ्यात, रेशनकार्डावरच्या फोटोएवढी. बर्नबा समोर आला, आणि सवय बघा — आपसूक हात जोडले गेले, कमरेत वाकला! कुणाच्या चेहऱ्यापुढं? आईच्या? आई तर गुडघ्याशी होती!

त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो तिथंच मातीत बसला आणि ओरडला, "आये, मी कुणापुढं वाकलो गं!"

मंडळी, कर भरा, मत द्या, भिंत मागा. ताठ उभं राहून मागा, तुमचा हक्क आहे! गुडघे मात्र एकालाच टेकवा.

आता एकच विचारतो. पहिल्या रांगेतली ही गादीची खुर्ची कीर्तन सुरू झाल्यापासून रिकामी आहे. कुणासाठी? सरपंचांसाठी? आणि त्या मावशी काठी टेकून तासभर दाराशी उभ्या आहेत. कुणीतरी उठा, त्यांना आणून बसवा.

अजून कुणी उठत नाही? बरं. वीणा धरा कुणीतरी, मीच खाली उतरतो.