खलातली गोळी

— नाही काकू, बसा, निघू नका. ‘पुरुषांच्या औषधाबद्दल सुनेनं विचारायचं नसतं’ — लग्न होऊन इथं लंडनला, हाउन्सलोत आले त्याच आठवड्यात आईंनी मला बजावलं होतं. विचारू नकोस, फक्त खलून दे. आणि मी दिलं! बायोकेमिस्ट्रीची पदवी घेतलेली मी, रोज सकाळी खलबत्त्यात गोळी बारीक करून, बोटानं मधात कालवून सासऱ्यांच्या हातात वाटी देत होते. का? तर बाबांच्या घशाखाली गोळी उतरत नाही, आणि मधाशिवाय औषध लागू पडत नाही म्हणे. शक्तीची आहे, म्हणायच्या आई. स्वतः सोलून खलात टाकायच्या, नाव दिसूच द्यायच्या नाहीत. परवा त्या तुमच्याकडे लेस्टरला आल्या, तेव्हा गोळ्यांची ती स्ट्रिप पहिल्यांदा माझ्या हातात आली. फिनास्टराइड. कॉम्प्युटरवर शोधलं — प्रोस्टेटची गोळी. गरोदर बाईनं फुटलेल्या गोळीला हातसुद्धा लावायचा नाही, पोटात मुलगा असेल तर त्याच्या अवयवांत दोष येऊ शकतो. पाचवा महिना आहे मला, काकू. डॉक्टर म्हणाल्या, बहुधा काही झालं नसेल. बहुधा! सोमवारी स्कॅन आहे.

बाबा, उठू नका, तुमचंच चाललंय. आजार नाहीये हो त्यांना, काकू, तीच तर गंमत — कॅन्सर होऊ नये म्हणून घेतायत. अमेरिकेतल्या अभ्यासात धोका पाव हिश्शानं कमी झाला, असं वाचलं कुठंतरी. इथला डॉक्टर, जीपी, म्हणाला, त्यासाठी आम्ही ही देत नाही. मग नागपूरहून मागवल्या, खोकी फेकून नुसत्या स्ट्रिप्स — कस्टम्सवाल्यानं बॅग उघडली तर लाज जाईल ना! खोक्यातली सूचना गेली नागपूरच्या कचऱ्यात.

एवढी भीती कशाची, विचारा ना त्यांना. नको, मीच सांगते, तुमच्या पुतण्यानं, अपूर्वनं कबूल केलंय माझ्यापाशी. तुमचे सासरे मूतखड्यानं गेले असं सांगितलंय ना तुम्हाला? प्रोस्टेटचा कॅन्सर होता. शेवटपर्यंत बाबा उशाशी होते, त्यांना सगळं ठाऊक. सतीशकाका धाकटे, त्यांच्यापासून लपवलं. स्वतःसाठी गोळ्या मागवल्या, सख्ख्या भावाला एक फोन नाही! काकांना डॉक्टरकडे न्या, काकू, वडिलांना होता म्हणून सांगा — आई, डोळे वटारू नका. हो, मुद्दाम सांगतेय. माझी समजूत घालायला या म्हणून काकूंना मुद्दाम बोलावलं मी. माझ्या बाळाच्या जिवावर तुमची अब्रू झाकत होतात, आता ती उघडी पडली, आणि मला बरं वाटतंय. खूप बरं वाटतंय.

आणि आज सकाळी आई काय म्हणाल्या, माहितीये? हे सगळं कळल्यावर? ‘हातमोजे घाल आणि खल.’

नाही खलणार. हातमोजे घालून नाही, बाळ झाल्यावर नाही, कधीच नाही. हा घ्या खलबत्ता, बाबा. तुमची गोळी तुम्हीच खला.