दर चाळिसाव्या बाटलीला

मामा : परत पडलं.

भाची : बघितलं मी.

मामा : एका बाटलीला दोन टोपणं. एक बसलं, दुसरं घरंगळत पट्ट्यावर.

भाची : मामा, मला डोळे आहेत.

मामा : लाइनीलाही बाटली ओळखणारा डोळा आहे, तुझ्या नव्या पॅनेलला मेंदूही आहे, आणि तरी टोपणं दोन. अक्का, थांबवा लाइन!

अक्का : थांबवली केव्हाच. तुमचं मामा-भाचीचं आटपलं की सांगा. तीन वाजून दहा मिनिटं झालीत, चारला साहेब येणार.

भाची : पाचशेच हव्यात का त्यांना? सलग?

अक्का : सलग पाचशे, आणि एकही टोपण खाली नाही. पडलं तर उद्या सकाळी जुनं पॅनेल परत जोडायचं. माझ्यासमोर म्हणाले.

भाची : जुन्या पॅनेलचे तीन रिले चिकटलेत. तसले विजेचे खटके नवीन कुठे मिळतच नाहीत.

मामा : ते साहेबांना माहीत आहे. पण चिकटत का होईना, ते टोपण एकच टाकतं.

भाची : तू कोणाच्या बाजूने आहेस रे?

मामा : टोपणाच्या. अगं, बाहेरचा माणूस बोलावू नका, माझी भाची करेल, असं मीच बोलून बसलोय. तुझं पहिलं पॅनेल आहे, पण शब्द मी दिलाय. म्हणून विचारतो, प्रोग्रॅम नीट लिहिलास ना?

भाची : तुझं ड्रॉइंग समोर ठेवून, ओळ न ओळ. जिथे रिले तिथे प्रोग्रॅममध्ये तेच. तुझ्या ड्रॉइंगमध्येच काही चुकलं असेल तर मात्र...

मामा : ए! ड्रॉइंगला बोट लावायचं नाही. बावीस वर्षं झाली, त्यातली एक तार खोटी निघालेली नाही.

अक्का : खरं आहे ते. लग्नपत्रिकेसारखं जपतो हा माणूस ते ड्रॉइंग.

भाची : बरं बाबा, ड्रॉइंग बरोबर. मग शोधायचं कसं? मामा, इकडे ये. बाटली येते तिथपासून टोपण पडतं तिथपर्यंत चालत जाऊ. एकाची दोन कुठे झाली ते तिथेच सापडेल.

मामा : चालत? सगळं मिळून वीतभर तर आहे. माझं पॅनेल कपाटाएवढं होतं, आत माणूस उभा राहायचा.

भाची : तेच कपाट आहे, फक्त घडी घातलेलं. हा पहिला ठोकळा पॉवर सप्लाय. हा दुसरा सीपीयू, विचार करणारा. हे इनपुट कार्ड, म्हणजे बाहेरची बातमी आत. हे आउटपुट कार्ड, आतला हुकूम बाहेर. मागे एक पट्टी आहे, हे सगळे तिच्यावरून एकमेकांशी बोलतात.

मामा : बाटली आली की डोळ्याची चोवीस व्होल्टची तार इथे येते.

भाची : इथे येते आणि इथेच थांबते! ती वीज पुढे जातच नाही. आत एक बारीकसा दिवा आहे, तो लागतो. समोर त्याला बघणारा दुसरा डोळा आहे, तो सीपीयूला सांगतो, उजेड दिसला. मध्ये तार नाही, फक्त उजेड.

मामा : म्हणजे बाहेर कुठे शॉर्ट झालं, तरी मेंदूपर्यंत जात नाही?

भाची : कार्ड जळेल एखादं, मेंदू शाबूत.

मामा : वा! हे मला आधी का नाही सांगितलंस? मी उगाच चार दिवस ह्या पॅनेलला घाबरून होतो.

अक्का : तीन वाजून पंधरा.

भाची : पुढे सीपीयू काय करतो? सगळे इनपुट एकदा वाचतो, प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत सोडवतो, आउटपुट लिहितो. झालं की परत पहिल्यापासून. चार मिलिसेकंदांत एक फेरी. सेकंदाला अडीचशे.

मामा : अडीचशे! माझा रिले एकदा खाली-वर होईपर्यंत ह्याच्या पाचसहा फेऱ्या.

भाची : दमत नाही, कंटाळत नाही, आणि बावीस वर्षं जुन्या ड्रॉइंगचा अभिमानही नाही.

मामा : जीभ आवर, आईला सांगेन. अक्का, लाइन चालू करा बरं. मोजायचं राहू द्या, टोपणं पडली तर पडू द्या. मला नुसतं ऐकायचंय.

अक्का : मोजायचं राहू द्या म्हणून कसं राहील? पट्टा हलला की माझं तोंड आपोआप मोजतं. घरी जिना चढतानासुद्धा मोजते.

(लाइन सुरू होते. मामा पॅनेलच्या दारात मान घालून, डोळे मिटून उभे.)

भाची : काय करतोयस? स्क्रीनवर बघ ना, सगळं दिसतंय.

मामा : शू. हे टिक-टिक कुठून येतंय? तू तर म्हणालीस रिले गेले.

भाची : प्रोग्रॅममधले गेले. आउटपुट कार्डात आहेत आठ, नखाएवढे. शेवटी टोपण सोडणाऱ्या कॉइलला वीज कोणीतरी द्यायलाच हवी ना.

मामा : मग असं सांग की! म्हणजे आत आपलीच माणसं आहेत. गप्प बस आता. टिक, टिक. लागला, सुटला. टिक, टिक. लागला, सुटला. जुन्या पॅनेलचा कुठला रिले दुखतोय ते मी चहा पिता पिता सांगायचो, ही तर पोरं आहेत. टिक, टिक... हं!

अक्का : पडलं टोपण!

मामा : चार वाजले!

भाची : काय? साहेब आले?

मामा : साहेब नाही गं, टिक! चारदा वाजलं. लागला, सुटला, लागला, सुटला. एकाच बाटलीला. डावीकडून तिसरा.

भाची : तिसरा म्हणजे टोपणाचाच. मामा! म्हणजे टोपणाची कॉइल, टोपण सोडणारी झडप, स्प्रिंग, सगळे निर्दोष सुटले! त्यांना हुकूमच दोनदा जातोय.

मामा : मग मेंदू फिरलाय का?

भाची : नाही. ड्रॉइंगप्रमाणे डोळ्याला बाटली दिसली की टोपण, एवढी एकच ओळ आहे. मेंदू ऐकलं तेच सांगतोय. म्हणजे इनपुटलाच बाटली दोनदा येतेय. थांब, इनपुटचा आलेख लावते, प्रत्येक फेरीचा. अक्का, चालू ठेवा लाइन!

अक्का : चालू आहे. अठरा, एकोणीस...

भाची : ही बघ बाटली. सरळ रेघ वर, चारशे मिलिसेकंद तिथेच, मग खाली. ही दुसरी, तशीच. स्वच्छ. स्वच्छ.

अक्का : अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. पडलं!

भाची : हे बघ! हे बघ, मामा! बाटली आली, रेघ वर गेली, आणि इथे खाच पडली. चाळीस मिलिसेकंद डोळ्याला बाटली दिसलीच नाही. मग परत दिसली. बाटली एक, पण दोनदा आली!

मामा : डोळा खराब?

भाची : डोळा खराब असता तर केव्हाही चुकला असता. अक्का, तुम्ही आत्ता किती म्हणालात?

अक्का : चाळीस. मागचं पडलं तिथून चाळीस. सकाळी मधे एकदा ऐंशी झाल्या होत्या. पण त्याआधी चाळीसच.

भाची : हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?

अक्का : मला कोणी विचारलं? तुम्ही दोघं मेंदू आणि डोळे करत होतात.

मामा : दर चाळिसाव्याला... पंधरा सेंटिमीटरला एक बाटली. चाळीस गुणिले पंधरा. सहा मीटर.

भाची : सहा मीटर काय आहे इथे?

मामा : पट्टा! पट्ट्याचा पूर्ण वेढा सहा मीटरचा आहे, मीच बदललाय तीनदा. त्याला एक सांधा आहे. सांधा डोळ्याखाली आला की बाटली उडी मारते!

अक्का : मारते ना. जरा टुणकन उडते. रोज बघते मी.

भाची : हेही कोणी विचारलं नाही, हो ना?

अक्का : नाही.

भाची : मला नाचावंसं वाटतंय. पण मामा, पट्टा तोच, सांधा तोच, डोळाही तोच. मग जुन्या पॅनेलला हे का नाही झालं?

मामा : रिले आळशी असतो. बारीकसारीक गोष्टी मनावर घेत नाही.

भाची : दहा-पंधरा मिलिसेकंद मनावर घेणार नाही. चाळीस म्हणजे त्याला खाली पडायला भरपूर वेळ. त्याचंही दोनदा व्हायला हवं होतं.

अक्का : झालं होतं की.

मामा : काय झालं होतं?

अक्का : दोन टोपणं. तुमचं पॅनेल नवंकोरं होतं ना, तेव्हा. पहिले चार-पाच दिवस मी पट्ट्यावरून टोपणं गोळा करत होते, ओंजळीने. मग एका दुपारी तुम्ही जेवण सोडून आत शिरलात, दार ओढून घेतलंत, आणि बाहेर आलात ते शीळ घालत. त्यानंतर नाही पडलं.

मामा : मी? शीळ?

अक्का : आणि हाताला भाजलं होतं. मी मलम दिलं होतं, तेही विसरलात.

मामा : भाजलं... तार जोडताना, सोल्डरने. अरे देवा.

भाची : काय झालं? मामा, चेहरा का असा?

मामा : त्या कोपऱ्यातल्या जुन्या पॅनेलचं दार उघड. सतरा नंबरचा रिले. मागे हात घाल. काळी चिकटपट्टी लागतेय का?

भाची : लागतेय. फुगलीये. आत काहीतरी गोल आहे... मामा, हा तर कपॅसिटर आहे! कॉइलच्या दोन टोकांवर!

मामा : जुन्या रेडिओतला. सिग्नल गेला तरी हा आपल्या पोटातली वीज थोडा वेळ कॉइलला पाजतो. रिले लगेच सुटत नाही. तेवढ्यात बाटली पुन्हा दिसायला लागते.

भाची : आणि ड्रॉइंगमध्ये?

मामा : नाही.

भाची : बावीस वर्षांत एक तार खोटी नाही.

मामा : खोटी नाहीच. एक राहिलेली आहे. हसू नकोस. ड्रॉइंगमध्ये आज भरू, उद्या भरू, असं करता करता... हस, हस, काय हसायचं ते हसून घे.

भाची : हसत नाहीये रे, खूश आहे! तू सोडवलेलंच गणित मी परत सोडवत होते. सांग, किती वेळ धरून ठेवायचा तो रिलेला?

मामा : मला काय ठाऊक? मी लावला, चाललं, शीळ घातली.

भाची : मग मीटर दे. कॉइल... सहाशे पन्नास ओहम. कपॅसिटरवर शंभर मायक्रोफॅरड लिहिलंय. गुणाकार पासष्ट मिलिसेकंद. व्होल्टेज एक चतुर्थांश उरलं की तुझा रिले सुटतो असं धरू, म्हणजे साधारण नव्वद. खाच चाळीसची, दोन बाटल्यांमधली मोकळी जागा सहाशेची. नव्वद मधोमध आरामात बसतं. मामा, तू न मोजता अगदी नेमका आकडा लावलास!

मामा : रेडिओत तेवढा एकच होता.

अक्का : पावणेचार झाले. पाचशेला आठ-नऊ मिनिटं लागतात.

भाची : एक टायमर घालते. डोळा विझला तरी नव्वद मिलिसेकंद विझला असं मानायचं नाही. झालं, पाठवला. अक्का, सुरू करा!

अक्का : आता मोठ्याने मोजू का?

मामा : मोठ्याने मोजा, सगळ्या लाइनीला ऐकू जाऊ दे! मी कान लावतो.

अक्का : एक, दोन, तीन...

भाची : मामा, सांधा येतोय. आलेख बघ. ही खाच, पडली! खाच पडली, पण टायमर धरून आहे. टोपण?

मामा : टिक, टिक. दोनच. एकच टोपण!

अक्का : तेवीस, चोवीस. मध्ये ओरडू नका, चुकेल.

मामा : तुमचं? बावीस वर्षांत चुकलं नाही ते आज चुकेल?

अक्का : तुमचंही नव्हतं ना चुकलं? तीस, एकतीस... साठ, एकसष्ट...

भाची : परत आला सांधा. धरला. दोन झाले, अजून दहा.

मामा : मी कान काढत नाही इथून. लग्नात मंगलाष्टकांकडेही एवढं लक्ष नव्हतं.

भाची : मामीला सांगू?

मामा : सांग, तिचंही नव्हतं.

अक्का : दोनशे अठरा, दोनशे एकोणीस... साहेबांची गाडी फाटकात. दोनशे वीस, एकवीस...

भाची : येऊ दे. सात सांधे उरलेत. मामा, वाजतंय ना नीट?

मामा : एकदम तालात. पोरं शिकली.

अक्का : चारशे त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. साहेब, तिथेच उभे राहा, पट्ट्याला हात नको. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. पाचशे!

मामा : एकही नाही! खाली एकही नाही!

भाची : अक्का, मिठी मारू?

अक्का : मार, पण लाइन चालूच ठेवते. पाचशे दोन, पाचशे तीन...

भाची : मामा, साहेब तुझ्याकडे बघून मान हलवतायत. जा, बोल त्यांच्याशी.

मामा : बोलेन नंतर. तू काय टाइप करतेयस अजून?

भाची : टायमरशेजारी टीप लिहायला जागा असते. पुढे कोणी प्रोग्रॅम उघडला तर त्याला कळावं, हा इथे कशाला आहे. तू सांग, मी लिहिते.

मामा : लिही. पट्ट्याचा सांधा डोळ्याखाली आला की बाटली उडते. दर चाळिसाव्या बाटलीला. हा टायमर काढू नये.

भाची : ...काढू नये. झालं. अजून काही?

मामा : मागे एकदा हे लिहायचं राहिलं होतं, तेही लिही.